अंतोनच्या नावावर घातलेलं वाक्य

आमच्याकडे बाप्तिस्मा असो की लग्न, जेवणं झाली की पोरं मला घेरतात. मी किस्से सांगतो आणि दर वेळी त्यातला सरंगा मासा वीतभर वाढवतो. पण हे — हे बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही माझ्या वाडीतले नाही म्हणून.

मालवणजवळच्या आमच्या ख्रिस्ती वाडीत लदीन मी म्हणतो. क्रुसापुढे मेणबत्त्या लावायच्या, मी एक ओळ गायची, वाडीने उत्तर द्यायचं, शेवटी उकडलेले चणे वाटायचे. दर वर्षी एकेका घराची पाळी. माझा आवाज बोकडासारखा, पण ओळी पाठ फक्त मला. त्यामुळे मान मोठा. तो मला फार आवडतो — हे आधीच सांगून ठेवतो.

माझा मावसभाऊ अंतोन पुण्याची नोकरी सोडून आला तो डोक्यात इमर्जिंग चर्च घेऊन. म्हणजे काय? देवाबद्दल वरून नुसतं ऐकायचं नाही, गोल बसून एकमेकांत शोधायचं. शंका दाराबाहेर ठेवून यायचं नाही. मावशीच्या ओसरीवर आठवड्याला आठ-दहा माणसं बसू लागली. नियम एकच — तिथलं बोलणं तिथेच.

आमचे फादर भला माणूस, पण त्यांना हे पटेना. म्हणायचे, "शंका मलाही येते हो. पण ज्याला जसा वाटेल तसा ख्रिस्त, असं ठरलं तर दुःखात माणसाने धरायचं कोणाला?" मला दोघांचंही पटायचं. समोर जो असेल त्याचं जरा जास्त.

गंमत बघायला म्हणून एकदा गेलो. अंतोन म्हणाला, "दादा, बोलूचा नसला तर नुसतो बस." नुसतं बसणं मला कधी जमलंय? तोंड उघडलं, आणि निघाला तो किस्सा नव्हता. "मेरी गेल्यापासून मी लदीन म्हणतंय, पण आयकणारो कोण आसा असा माका वाटत नाय."

मेरी — माझी धाकटी लेक.

अंतोनने पाठीवर हात ठेवला. कित्येक महिन्यांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

वाक्य फुटलं. कसं, माहीत नाही. कोणाचं, ते मात्र बाहेर कळलं नव्हतं. चर्चमध्ये रविवारची मिस्सा झाल्यावर फादरांनी मोठ्या माणसांना बसवून घेतलं. "कोण म्हणालं हे?" रागाने नाही, काळजीने विचारलं. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? फार तर लदीन दुसऱ्या कोणी म्हटली असती. मी उठलो. घसा साफ केला — लदिनीआधी करतो तसा.

"अंतोन म्हणाला, फादर."

अंतोन समोरच बसला होता. फादरांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे.

"होय फादर," तो म्हणाला. "माझंच."

ओसरी रिकामी झाली. त्या वर्षी लदीन मावशीकडे होती. तिने चणे उकडले. वाडी आली नाही. मी डोकं दुखतं म्हणून घरी पडून राहिलो. डोकं दुखत नव्हतं. अंतोन परत पुण्याला गेला.

मावशी मग फार जगली नाही. खाटेवरून म्हणायची, "बस्त्याव, तुझी श्रद्धा माझ्या झिलाक नाय रे. तेच्यासाठी मागणा कर." मी "करतंय, मावशी" म्हणायचो. आणि करायचोही — तिच्यासमोर, मोठ्या आवाजात. मुलाचा विश्वास उडाला या दुःखातच ती गेली. ते दुःख काढून घेणं माझ्या हातात होतं. रोज होतं.

तिच्या मयताला अंतोन आला. मी ओळ म्हणत होतो आणि तो माझ्या मागे उभा राहून उत्तर देत होता — स्पष्ट, एकही न चुकवता. मी मागे वळून पाहिलं नाही.