रक्त चांगलं, वाढवणं चुकलं

गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. सातवीनंतर त्यांनी शाळेची पायरी चढली नव्हती. पण तीस वर्षं कुत्री पाळून, पिल्लं विकून, लोकांच्या उनाड कुत्र्यांना वळण लावून मास्तरकी अंगात भिनली होती. विकलेलं पिल्लू गुणी निघालं, की छाती फुगवून म्हणायचे, "रक्त कुणाच्या घरचं!" आणि बिघडलं, की, "रक्त चांगलं होतं, वाढवणं चुकलं." म्हणजे काहीही झालं तरी मास्तर बरोबरच.

एका दुपारी कपडे शिवणाऱ्या ताई हाताला बँडेज बांधून आल्या. दीड वर्षापूर्वी मास्तरांकडून नेलेला काळा कुत्रा त्यांनाच कडकडून चावला होता.

"माझं काय चुकलं हो, मास्तर?"

काय चुकलं ते मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. त्या पिल्लाचा बाप दोघांना चावलेला होता. तसल्या बापाचं पिल्लूसुद्धा कोवळ्या वयात माणसांत खेळवलं तर पुष्कळ निवळतं, हे ते स्वतःच लोकांना घसा कोरडा करून सांगत. पण नेमका तेव्हा त्यांचा गुडघा दुखावला आणि ते एक पिल्लू मागच्या खोलीत कोंडलेलंच राहिलं. दोन महिने ताटली आत सरकवण्यापलीकडे कुणी त्याच्याकडे बघितलं नव्हतं.

खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आणि तीस वर्षांची सवय बोलून गेली. "रक्त चांगलं आहे, ताई. तुम्ही लाडावून ठेवलंय. जरा धाक दाखवा. चार तडाखे बसले की सुतासारखा सरळ होईल."

"घरचेही हेच म्हणतात," ताई हळूच म्हणाल्या. "मुलगासुद्धा माझ्याच लाडानं बिघडला म्हणे." आणि गेल्या.

बायको आत भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रक्त आपल्या घरचं, कोंडलं आपण. त्या बिचारीनं काय केलं?"

मास्तर तिच्यावर खेकसले. पण त्यानंतर घास घशाखाली उतरेना. कुणी "मास्तर" अशी हाक मारली की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पाचव्या दिवशी ते ताईंच्या घरी गेले आणि दारात उभ्याउभ्याच बाप, बंद खोली, सगळं ओकून टाकलं.

"तुमचं काही चुकलं नाही. मी खोटं बोललो." वाटलं होतं, बाई चार शिव्या घालेल आणि आपण सुटू.

ताईंनी मशीन थांबवलं. कपाटामागच्या सांदीत कुत्रा अंग चोरून पडला होता.

"चार दिवस रोज मारतेय त्याला," त्या म्हणाल्या. "कापड मापायच्या लाकडी पट्टीनं. तुम्ही सांगितलंत म्हणून. आता मी नुसती उठले तरी जागच्या जागी मुततो."

मास्तर सांदीकडे वाकले, तसा कुत्रा आणखी आत सरकला.

"जन्मात कुणावर हात उगारला नव्हता हो मी."