घाबरलात की हात वर करा

रघुवीर मयेकरला सिंगापूरमध्ये स्कीइंग शिकवायची नोकरी लागली, तेव्हा त्याच्या बायकोने, चित्राने, दोनच प्रश्न विचारले. "बर्फ कुठाय?" आणि "तुम्हाला येतं का?" पहिल्याचं उत्तर त्याने "नाहीये" असं दिलं. दुसऱ्याचं दिलंच नाही, आमटी वाढून घेतली.

आता हा माणूस मूळचा वेंगुर्ल्याचा. वेंगुर्ल्याला बर्फ मासळीवर घालतात, त्यावरून घसरत कोणी जात नाही. रघुवीरने बावीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, शेवटची नऊ सेकंड इंजिनियर म्हणून. बोटीवर खलाशापासून कुकपर्यंत सगळे त्याला 'सेकंड साब' म्हणत. २०१५ साली धंद्याला मंदी आली आणि कंपनीने सेकंड साबना आभाराचं पत्र देऊन सिंगापुरातल्या क्लेमेंटीच्या फ्लॅटवर बसवलं.

दीड वर्ष तो बसला. म्हणजे बसला कुठला! घरातले पंखे दुरुस्त केले, शेजारच्या मलाय बाईंचं वॉशिंग मशीन दुरुस्त केलं, शेवटी न बिघडलेला मिक्सर उघडला. चित्रा बालवाडीत शिकवायला जायची, घर चालत होतं. तक्रार तशी काही नव्हती. पण सिंगापूरमध्ये केस पांढरे झालेल्या माणसाला एकच नाव असतं. हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या टपऱ्यांवरचा चहावाला "अंकल", लिफ्टमधलं पोर "अंकल", बसमध्ये उठून जागा देणारी मुलगी "अंकल". तिने जागा दिली त्या दिवशी तो उभाच राहिला आणि दोन स्टॉप आधी उतरून चालत घरी आला. त्याला ते फार लागलं होतं.

मग हार्बरफ्रंटजवळच्या एका मॉलमधल्या मिस्टर को यांना मेकॅनिक हवा होता. मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांनी एक यंत्र बसवलं होतं. खोलीएवढा तिरपा उतार, त्यावर ओला पांढरा गालिचा, आणि तो गालिचा मोटरवर खालून वर सरकत राहायचा. माणसाने पायात स्की बांधून त्यावर उभं राहायचं. गालिचा वर येतो, आपण खाली घसरतो, आणि तासभर घाम गाळून जिथे होतो तिथेच राहतो. समोर भिंतभर आरसा, म्हणजे आपण कुठेही जात नाही आहोत हे नीट दिसावं.

रघुवीरने महिन्याभरात मोटर, गिअरबॉक्स, रोलर सगळं हाताखाली घातलं. शिकवायला एक कोरियन तरुण होता. तो दुपारच्या वेळात रघुवीरलाही गालिच्यावर चढवायचा, आणि गंमत म्हणजे रघुवीरला ते जमलं. बावीस वर्षं डुलणाऱ्या बोटीवर काढलेला माणूस, त्याचे गुडघे आपोआप वाकायचे. पुढे तो तरुण लष्करी सेवेसाठी मायदेशी गेला. मिस्टर को रघुवीरला म्हणाले, "मशीन यू नो, एव्हरीथिंग यू नो लाह." झाली नेमणूक.

शिकवायचा मात्र चांगला, ते कबूल करायला हवं. स्कीची टोकं जवळ आणि टाचा लांब केल्या की वेग कमी होतो. ही गोष्ट बाकीचे पिझ्झाच्या तुकड्यावरून समजावतात. रघुवीर म्हणायचा, "पायांचा समोसा करा." आणि एक नियम त्याचा स्वतःचा होता. इंजिनरूममध्ये नवीन माणसाला पहिल्या दिवशी यंत्र बंद करायचं बटण दाखवतात, चालू करायचं नंतर. त्याच धर्तीवर त्याने आरशावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: घाबरलात की हात वर करा. हात वर झाला की रघुवीर रिमोटचं लाल बटण दाबायचा, गालिचा थांबायचा, माणूस गुडघे सरळ करून सुटकेचा श्वास सोडायचा. दोन वर्षांत एकालाही खरचटलं नाही. या नियमाचा त्याला भारी अभिमान.

त्याच काळात आपल्या लोकांमध्ये डिसेंबरच्या सुट्टीत जपानला बर्फावर जायची टूम निघाली. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत मॅनेजर असलेला पुण्याचा प्रबोध, त्याची बायको स्मिता आणि त्यांच्या ओळखीचे आणखी सहा जण, असा आठ जणांचा मराठी जथा दर शनिवारी गालिच्यावर येऊ लागला. पहिल्याच दिवशी प्रबोधने आदराने विचारलं, "सर, आपण शिकलात कुठे?"

सर! रघुवीरच्या कानांना ते इतकं गोड लागलं, की तो म्हणाला, "नॉर्वेला होतो दोन महिने. हिवाळ्यात."

यातला शब्द न् शब्द खरा होता. बोट दुरुस्तीसाठी तिथल्या गोदीत होती आणि रघुवीर बोटीच्या पोटात होता. बर्फ त्याने गोल खिडकीतून पाहिला, तोही काच पुसून. बाकीची भर प्रबोधने घातली. गणपतीच्या आरतीपर्यंत मयेकर सर नॉर्वेत ट्रेनिंग घेतलेले झाले, दिवाळीच्या फराळापर्यंत त्यांनी नॉर्वेच्या लोकांनाही चार गोष्टी शिकवल्या होत्या.

"सांगून टाका," चित्रा म्हणाली.

"मी खोटं कुठे बोललो?"

"बोलला नाहीत. गिळलंत."

सांगितलं की 'सर' गेलं, आणि 'सर' गेलं की मागे उरतं ते 'अंकल'. त्याला या गोष्टीची खरोखर भीती वाटत होती. बोटीवर एकदा आग लागली होती तेव्हाही एवढी वाटली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून तो गप्प बसला.

नोव्हेंबर २०१८ मध्ये एका शनिवारी स्मिताने त्याच्या हातात लिफाफा ठेवला. आत जपानमधल्या होक्काइदोचं विमानाचं तिकीट. "सर, आम्हा आठ जणांकडून गुरुदक्षिणा. नाही म्हणायचं नाही. तुम्ही पुढे, आम्ही मागे."

नाही म्हणायला शंभर कारणं होती. रघुवीर म्हणाला, "कशाला उगाच?" आणि लिफाफा खिशात घातला.

चित्राने स्वतःचं तिकीट वेगळं काढलं. "कशाला येतेस?" त्याने विचारलं. "तुमची हाडं ओळखणारं कोणीतरी हवं तिथे," ती म्हणाली.

होक्काइदोला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ माणसं नवशिक्यांच्या उताराच्या माथ्यावर उभी राहिली. चित्रा पायथ्याशी, कानटोपी घालून, हातात कॉफीचा कप. रघुवीरने खाली पाहिलं. आरसा नव्हता. ती पहिली गोष्ट त्याला खटकली. दुसरी म्हणजे जमीन हलत नव्हती, आता हलायचं होतं ते त्यालाच. मागून प्रबोध म्हणाला, "सर, तुम्ही करता तसं करतो आम्ही."

सर निघाले.

पहिले वीस मीटर सुंदर झाले. गुडघे वाकलेले, समोसा नीट. मग उतार जरा वाढला, वारा कानात शिरला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि रघुवीर मयेकर आयुष्यात पहिल्यांदा स्कीवरून खरोखर कुठेतरी जात आहे हे त्याच्या लक्षात आलं. तो घाबरला. घाबरल्यावर काय करायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने हात वर केला.

हात वर केल्यावर पुढचं काम बटण दाबणाऱ्याचं. म्हणून सवयीप्रमाणे त्याने गुडघे सरळ केले, समोसा सोडला आणि थांबायची वाट पाहिली.

पायथ्याशी चित्राला नवरा येताना दिसला. ताठ उभा, हात उंच, वाऱ्यासारखा. तिच्या मनात आलं, अगं बाई, यांना येतं की! तिने कप दुसऱ्या हातात घेऊन त्याला हात केला. रघुवीर तिच्या समोरून गेला आणि कडेला लोटून ठेवलेल्या बर्फाच्या ढिगात छातीपर्यंत घुसला.

वर आठ जणांनी पाहिलं होतं. सरांनी उतार वाढल्यावर हात वर केला आणि ते सुसाट गेले. तीच पद्धत असणार. शिवाय उतार वाढल्यावर तेही घाबरलेच. एकामागून एक आठ मराठी माणसं हात वर करून, ताठ उभी राहून, वाट पाहत उतारावरून आली. चित्राने पहिल्या तिघांना हात केला. चौथ्याला तिने कप टाकला आणि धावली.

कोणी ढिगात, कोणी जाळीत, कोणी एकमेकांवर. जवळच एक जपानी शिक्षिका लहान मुलांचा वर्ग घेत होती. तिने वर्ग थांबवून हे सगळं मुलांना दाखवलं.

प्रबोध उताणा पडला होता. "सर," तो धापा टाकत म्हणाला, "हात वर केला तरी थांबलं नाही."

"बटण हार्बरफ्रंटला आहे," रघुवीर म्हणाला.

"मग नॉर्वेत कसे थांबायचात?"

आता बघा, उत्तर तयार होतं. नॉर्वेचा बर्फ वेगळा, जपानचा वेगळा. नाचता येईना अंगण वाकडं. प्रबोधने ते मानलंही असतं, त्याची मानायची फार इच्छा होती. रघुवीरने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्याला स्मिता दिसली. ती मनगट धरून बसली होती, ओठ घट्ट मिटून. मनगटाच्या जागी मान असती तर?

"नॉर्वेत मी इंजिनरूममध्ये होतो," तो म्हणाला. "बर्फावर पाय आज पहिल्यांदा ठेवलाय. मला यायला नको होतं. तुम्हाला आणायला तर अजिबातच नको होतं. चूक झाली माझी."

प्रबोध उठला, स्की काढल्या, स्मिताला हात देऊन उठवलं आणि दोघं दवाखान्याकडे चालत गेले. मनगट नुसतं मुरगळलं होतं. जेवताना प्रबोध म्हणाला, "मयेकर, मीठ द्या जरा." रघुवीरने मीठ दिलं.

"हात दाखवून अवलक्षण," खोलीत आल्यावर चित्रा म्हणाली. पण त्याचे ओले मोजे तिने हीटरवर नीट वाळत घातले.

उरलेले तीन दिवस बाकी सहा जणांनी एक शिक्षक लावला. रघुवीर त्यांच्यात गेला नाही, त्याचं धाडस झालं नाही. तो त्या लहान मुलांच्या वर्गात जाऊन रांगेत शेवटी उभा राहिला. सगळे चार-पाच वर्षांचे, आणि मध्येच हा पन्नाशीचा. शिक्षिकेने पहिला दिवस फक्त पडायला शिकवलं. कुशीवर पडायचं, हळू, आणि आपलं आपण उठायचं. दुसऱ्या दिवशी थांबायला. कोणाचंही बटण नाही, आपल्याच पायांनी. एक पोर तो पडला की दर वेळी टाळ्या वाजवायचं. प्रबोध आणि स्मिता दुपारी समोरच्या हॉटेलच्या काचेमागे बसलेले असायचे. त्यांना दिसत असणार. रघुवीरने तिकडे बघायचं टाळलं.

जानेवारीत परत आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते आरशावरची ओळ पुसायचं. मग गालिच्याच्या दोन्ही बाजूंना जाड गाद्या लावल्या आणि रिमोट कमरेला बांधला, तो फक्त खरोखरच्या अपघातासाठी. मिस्टर को यांना त्याने स्वतः जाऊन सगळं सांगितलं. मिस्टर को सगळं ऐकून म्हणाले, "मशीन ओके, राइट?"

पहिल्या शनिवारी आठांपैकी कोणी आलं नाही. दुसऱ्याही नाही. रघुवीरने आठही जणांचे बूट पुसून फळीवर मांडून ठेवले होते. ते तसेच राहिले.

तिसऱ्या शनिवारी एक नवीन मराठी कुटुंब आलं होतं, मुंबईचं, नुकतंच बदली होऊन आलेलं. रघुवीर त्यांना पडायला शिकवत होता. तेवढ्यात दार उघडलं आणि स्मिता आत आली, मनगटाला पट्टा, मागे प्रबोध. प्रबोध बाकावर बसला आणि बूट चढवायला लागला.

नवीन गृहस्थांनी गादीवरून उठता उठता विचारलं, "तुम्ही स्वतः शिकलात कुठे?"

रघुवीरने एकदा बाकाकडे पाहिलं. "जपानला," तो म्हणाला. "गेल्या महिन्यात. तीन दिवस, पाच वर्षांच्या मुलांच्या वर्गात. त्याआधी दोन वर्षं इथेच, या गालिच्यावर."

गृहस्थ हसले. त्यांना वाटलं, हा माणूस चेष्टा करतोय.

"खरं आहे ते," प्रबोध बाकावरून म्हणाला. "आम्ही पाहिलंय." मग त्याने पाय पुढे केला. "सर, हा डावा बूट आवळतोय. बघता का जरा?"

रघुवीर खाली वाकला. बूट मुळीच आवळत नव्हता. तरी त्याने बकल उघडलं आणि पुन्हा लावलं, आणि मान वर करायला त्याला बराच वेळ लागला.