बुडालेल्या गलबताची बातमी घेऊन डोणगावला

लोक बुलढाणा जिल्ह्यात लोणार बघायला जातात. मी गेलो एका माणसाची माफी मागायला. लोणार वाटेत होतं म्हणून पाहिलं.

आमचा रत्नागिरीजवळ खाडीकाठी लाकडी गलबतं बांधायचा धंदा. शिडाचं शेवटचं मोठं गलबत सहा वर्षांपूर्वी बांधलं. त्याच्या फासळ्यांना मुळातच वाकडं वाढलेलं बाभळीचं लाकूड लागतं, आणि हवा तसा बाक मिळाला तो डोणगावजवळ नामदेवकाकांच्या बांधावर. आमच्याकडे रीत अशी की ज्याच्या बांधावरचं लाकूड, त्याला गलबत पाण्यात उतरवायच्या दिवशी बोलवायचं. दोराला पहिला हात त्याचा. काकांना मी तसा शब्द दिला होता. पण गलबताच्या मालकाला उधाणाची भरती साधायची होती, त्या धावपळीत काकांना फोन करायचा राहूनच गेला. मग म्हणालो, बंदरात परत आलं की दाखवतो. ते दर वर्षी येत होतं आणि मी दर वर्षी पुढच्या खेपेवर ढकलत होतो. यंदा ते आखाताच्या वाटेवर वादळात फुटलं आणि बुडालं. हे फोनवर सांगायची मला लाज वाटली. फक्त 'येतोय' एवढंच कळवलं आणि गाडी काढली.

पहिल्या दिवशी आंबा घाटाने कोल्हापूर आणि पुणे. दुसऱ्या दिवशी छत्रपती संभाजीनगरनंतर समृद्धी महामार्ग धरला. इथे येणाऱ्यांनी टाकी आधी भरून घ्यावी, टायरची हवा बघावी आणि टोलची तयारी ठेवावी. रस्ता इतका सरळ की डोळे मिटायला लागतात, त्यामुळे सोबत बडबडा माणूस असलेला बरा. माझ्या सोबत कोणी नव्हतं.

मुक्काम लोणारला केला. हजाराच्या आत स्वच्छ खोली मिळाली. जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि डोळ्यांत पाणी आणणारा ठेचा. विवरात सकाळी लवकर उतरा, कारण परत चढताना ऊन सोसवत नाही. खाली खारट पाणी, तेही समुद्रापासून इतक्या आत, आणि त्यावर एकही होडी नाही. मी काठावर दोन तास बसलो. सरोवर सुंदर आहेच, पण खरं कारण पुढचं गाव टाळणं हे होतं.

डोणगावहून आत जाणारा रस्ता खडीचा आहे. काका घरासमोर उभेच होते, सत्तरी गाठलेले, नवा सदरा घातलेले. "जय भीम" झाला, काकूंनी चहा दिला, आणि चहा संपायच्या आत काका मला शेतावर घेऊन निघाले. तोंड उघडायला त्यांनी जागाच ठेवली नाही.

बांधावर बाभळीची सात कोवळी झाडं होती. प्रत्येकाच्या बुंध्याला चऱ्हाट, चऱ्हाटाला दगड. झाडं एका बाजूला कमानीसारखी वाकत वाढली होती. माझ्या वडिलांनी मापासाठी आणलेला फळीचा साचा सहा वर्षांपूर्वी इथेच विसरला होता. काकांनी तो जपून ठेवला होता, आणि दर पावसाळ्यानंतर झाडाला लावून बघून ते दगड वाढवत होते. त्यांनी तो आताही एका बुंध्याला लावून दाखवला. बाक तंतोतंत जुळत होता.

"तुमी येऊन राह्यले म्हणलं, तं मले वाटलं लाकूड पाहालेच येऊन राह्यले," काका म्हणाले.

मग मी सांगितलं. गलबत बुडालं. काकांनी साचा खाली ठेवला.

"माणसं वाचली का?"

"वाचली. दुसऱ्या जहाजाने सगळ्यांना उचललं."

"मंग झालं."

मी माफी मागितली. काकांनी गलबताचा फोटो मागितला. माझ्या फोनमध्ये ते पाण्यात उतरतानाचं चित्रीकरण होतं. दोर ओढणारी माणसं त्यांनी नीट बघितली, पुन्हा लावायला सांगितलं आणि विचारलं, "याच्यात माह्या बाभईचं लाकूड कोठी हाये?" फासळ्या आतून असतात, वरून फळ्यांनी झाकलेल्या. बाहेरून काहीच दिसत नाही, हे मला सांगावं लागलं. कारखाना वर्षभर बंद आहे, आता फायबरच्याच होड्या होतात, हेही सांगायचं होतं. पण ती सात झाडं समोर असताना माझी हिंमत झाली नाही. काकूंनी बांधून दिलेली तुरीची डाळ घेऊन मी निघालो.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. प्रवासातलं विचाराल तर विवर, सरळ रस्ता, ठेचा, सगळं थोडंथोडं पुसट होत चाललंय. एक गोष्ट मात्र बोचते: सहा वर्षांत एक रेल्वेचं तिकीट काढून त्या माणसाला बंदरात आणणं मला अवघड नव्हतं. कधीच नव्हतं.

काल काकांचा फोन आला. दगड सोडले म्हणाले, पण झाडं काही सरळ होत नाहीत. मग सहज विचारावं तसं विचारलं, "दुसरं गलबत कवा निंघते?"

या वेळी मी शब्द दिला नाही. "काका, आता आम्ही गलबत बांधत नाही. कारखाना बंद झालाय."

"हाव, मालूम हाये," काका म्हणाले. "तुमी त्या दिवशी झाडाईकडं पाह्यलं, तवाच समजलं. तुमी सांगता का, ते पाहात होतो."