घासागणिक एक राजा

माझ्या साडभाऊंइतका कडवा राजनिष्ठ माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि संताप याचा, की ज्या राजवंशासाठी हा गृहस्थ जगाशी भांडतो तो कधी नव्हताच. मूळचे बपेऱ्याचे शेतकरी, नोकरी वरठीला कारखान्यात. एकुलती एक मुलगी लहानपणी जेवायला छळायची म्हणून त्यांनी मोहतळ नावाचं राज्य रचलं. घासागणिक एक राजा. असे सत्तावीस राजे झाले आणि गादीची वारस अर्थातच मुलगी. ती आपल्या हाताने जेवू लागली त्या दिवशी शत्रूने तलावाची पाळ फोडली आणि मोहतळ बुडालं. कोणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. यांनी बुडालेल्या राज्याचे रिवाज पाळायला घेतले. शत्रूच्या निशाणावर बगळा होता. म्हणून बगळा दिसला की तो उडेपर्यंत सायकलवरून उतरून त्याच्याकडे रोखून बघत उभं राहायचं. आता आमच्या मुलखात धानाच्या बांधीगणिक बगळा! रोज ड्युटीला उशीर. साहेबांनी विचारलं तर म्हणे, "शत्रू समोर उभा होता, पाठ कशी दाखवू?" साहेबांची मनधरणी मी केली, आणि वर हे माझ्यावरच चिडले. "तुमाले इतिहासाची कदर नाही, भाऊ."

सगळ्यात कडक रिवाज डोक्याचा. राज्य परत मिळेपर्यंत डोक्यावर काही घ्यायचं नाही. मे महिन्यातल्या उन्हातही नाही. गेल्या वर्षी मुलीच्या लग्नात लाखांदूरच्या व्याह्यांनी हौसेने फेटा पुढे केला, तर हे म्हणाले, "आमचं घराणं उघड्या डोक्यानं रायते." व्याही लालबुंद झाले. "आमचा मान नाकारून राहिले तुमी. मंग वरात परत नेतो." मी हात जोडले, ओरडलो, शेवटी मोहतळच्या सत्तावीसही राजांचा उद्धार केला. साडभाऊ ढिम्म. एवढ्यात मुंडावळ्या बांधलेली मुलगीच बाहेर आली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, गादीवर मीच आहो ना? मंग हुकूम आहे. फेटा बांधा." आणि ज्या डोक्याने माझं आयुष्यभर एक ऐकलं नाही, ते मुकाट्याने खाली झुकलं.

लग्न पार पडलं, मुलगी सासरी गेली. चौथ्या दिवशी घरी गेलो तर साडभाऊ फेट्यातच बसलेले. तोच फेटा घालून ड्युटीही करून आले होते. माझं डोकंच फिरलं.

"उतरवा आता तो फेटा, भाऊजी. लोक हसून राहिले."

"कसा उतरवू? बांधाचा हुकूम होता. उतरवाचा तिनं देलाच नाही."

"मग फोन करून विचारा."

"नोको," ते खाली बघत म्हणाले. "तिचा आवाज आयकला का मले रडू येईन. मंग ती तिथं कशी रमन?"

मी रागारागाने उठलो आणि फेट्याचा सुटत आलेला पदर त्यांच्या कानामागे नीट खोचून दिला.