डावखुरे ठोके

संग्रहालयानं आपल्या वस्तूंचे फोटो सर्वांसाठी खुले केले होते. हॅकेथॉनला, म्हणजे संगणकवाल्यांच्या मेळाव्याला जमलेली मुलं कुठली वस्तू कुठे घडली याचा नकाशा बनवत होती आणि जुनी भांडी ओळखायला मला बोलावलं होतं. एका तांब्याच्या घंगाळाखाली ‘कारागीर अज्ञात’ वाचून माझं डोकं फिरलं.

“अज्ञात कसला? माझ्या वडिलांनी घडवलंय ते!”

“काका, पुरावा?” लॅपटॉपवरच्या मुलीनं विचारलं.

“हातोडीचे ठोके बघ, उलटे कललेत. आमच्या आळीत डावखुरा तांबट एकच होता.”

तिनं वडिलांच्या नावाआधी ‘बहुधा’ लिहिलं. विकणाऱ्याचं नाव दुकानाच्या पाटीवर झळकतं, घडवणाऱ्याच्या वाट्याला हे! त्या एका शब्दासाठी मी तासभर घासाघीस केली. शेवटी तो खोडून तिनं लिहिलं, ‘मुलाने ओळखले.’

मी फोटो मोठा करत राहिलो. प्रत्येक ठोका स्वच्छ दिसत होता. मला त्यातला एक तरी ऐकायचा होता.