छत बसलं

मराठीतला एक साधा शब्द मी अनेक वर्षे आडोशासारखा वापरला. त्याच्यामागे मी माझी चूक लपवली आणि ज्या माणसाने मला काम शिकवले, त्याच्या लौकिकाला माझ्यामुळे लागलेला बट्टा तसाच राहू दिला. हे आधी सांगून टाकतो. उकंडाजींविषयी लिहायला बसून केवळ त्यांचे उपकार लिहिले, तर तीही लपवाछपवीच ठरेल.

उकंडाजी अमरावतीच्या एका मोटार-कारखान्यात छतांचे आणि गाद्यांचे काम करीत. घराणे अंजनगाव सुर्जीचे, पानमळ्यातले. वऱ्हाड प्रांत तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि दुसरी मोठी लढाई चालू होती. नव्या मोटारी येत नव्हत्या, म्हणून गोठ्यात कडब्याआड पडून राहिलेल्या जुन्या मोटारी लोक बैल जुंपून आमच्याकडे ओढून आणीत. त्यांची छते बहुधा खचलेली असत. छताला आतून आडव्या लाकडी कमानी असत, मध्ये किंचित फुगीर, आणि त्यांच्यावर कापड ताणलेले असे. कमानी करणे माझे काम, कापड ताणणे उकंडाजींचे.

मोटार दारात आली की उकंडाजी जोडे काढीत, पाय धूत, मागच्या गादीवर उताणे पडत आणि डोळे मिटून दोन्ही तळपायांनी छताची एकेक कमान दाबून पाहत. कोणती कुजली, कोणती नुसती सैल झाली, हे पडल्यापडल्याच सांगत. भातकुलीकडचे एक देशमुख आपली मोटार घेऊन आले, तेव्हा हा प्रकार पाहून भडकले.

"अरे, पाय काढ! माणसं बसतात त्या गाडीत!"

"त्याइच्याच डोक्याची काळजी करून राहिलो मालक," उकंडाजी आतूनच म्हणाले. "तुमी पागोटं मांडीवर घेऊन काहून बसता, थे सांगा आदी."

देशमुख हसले. छत इतके खाली आले होते की ते खरोखरच पागोटे मांडीवर घेऊन आले होते.

मी नागपुरास सुतारकाम शिकून आलेला होतो आणि माझ्या हाताविषयी मला फार अभिमान होता. उकंडाजींनी तो कधी दुखावला नाही. फक्त वळण लावले. वाफेवर मऊ केलेले लाकूड साच्यात वाकवले की मला ते लगेच काढायची घाई होई. ते माझा हात धरीत. "राहू दे. आपण सरळ होतो हे त्याले इसरू दे. वाकवणं सोपं हाय, दिगंबर. इसरायले येळ लागते." पानमळ्यात वेल बांधतानाही ते असेच बोलत असावेत. माझी कमान जागेवर नीट बसली की ते साऱ्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत, "बसलं रे!" त्या ओरडण्यासाठी मी दिवसभर राबत असे.

देशमुखांच्या मुलीचे लग्न जवळ आले होते आणि वरात त्याच मोटारीतून निघायची होती. उकंडाजी भावाच्या आजारपणामुळे अंजनगावी गेले, आणि मी मधली कमान वाळण्यापूर्वीच साच्यातून काढली. लग्नाची घाई आहे, असे मी स्वतःला सांगितले. खरे कारण असे की, ते परत येण्याआधी सारे तयार करून मला त्यांना चकित करायचे होते. कमान बसवल्यावर ती किंचित सरळ होऊ पाहते आहे, हे मला हाताला कळले होते. मी चार खिळे अधिक मारले.

उकंडाजी आले. वाकून आत पाहिले.

"बसलं?"

"बसलं," मी म्हणालो.

त्यांनी एक जोडा काढलाही होता. तो त्यांनी पुन्हा पायात घातला. "तू म्हनतं त मंग पाहाचं काय," असे म्हणून ते कापड ताणायला लागले. माझ्या आठवणीतली ती एकच मोटार, जिच्या नव्या कमानी त्यांनी कापड ताणण्याआधी पायांनी दाबून पाहिल्या नाहीत.

वरातीत ती कमान सरळ होत गेली आणि छत दुसऱ्या अर्थाने बसले. नवरीच्या डोक्यावर कापडाची झोळी लोंबू लागली. वऱ्हाडी मंडळींतून कोणीतरी ओरडले, "काय हो देशमुख, पाळणा आत्ताच बांधला काय?" मुलगी रडत उतरली. दुसऱ्या दिवशी देशमुख कारखान्यात आले, ते कापड ढिले ताणले म्हणून उकंडाजींच्या अंगावर धावूनच.

उकंडाजींनी माझ्याकडे पाहिले. "कमान त पक्की होती ना रे?"

मी होकाराची मान हलवली. या वेळी शब्दाचाही आडोसा नव्हता.

कारखान्याच्या शेठांनी ते छत माझ्या एकट्याच्या हाती दिले. मी कापड उघडले, ती कमान काढली आणि सरसाच्या भांड्याखाली जाळली. त्यानंतर उकंडाजींना छताचे काम मिळाले नाही. ते गाद्या शिवीत. एखादी जुनी मोटार दारात आली की त्यांचा हात जोड्याकडे जाई आणि थांबे.

आणि याच माणसाने माझे भले केले. अकोल्याच्या एका शाळेला सुतारकामाचा शिक्षक हवा होता. तिथले हेडमास्तर चौकशीला आले, तेव्हा उकंडाजी गादी बाजूला सारून मुद्दाम उठले. "न्या याले. याचं काम बसते," म्हणाले. त्यांच्या त्या एका वाक्यावर माझा संसार उभा राहिला. इतकी वर्षे मी मुलांना साचा उघडू देत नाही. "त्याला विसरू दे," म्हणतो. मुलांना वाटते, हे वाक्य माझे आहे.

उकंडाजी आता नाहीत. ते गेले त्याच्या आदल्या वर्षी मी अमरावतीला त्यांच्या पुतण्याच्या विड्याच्या पानांच्या दुकानी गेलो. ते गोणपाटावर बसून पाने निवडीत होते. ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते. समोर गिऱ्हाइके उभी होती. मी जवळ वाकून, माझ्या नेहमीच्या हलक्या आवाजात म्हणालो, "उकंडाजी, ते छत माझ्यामुळे बसलं होतं."

"बस ना मंग!" त्यांनी हसून गोणपाटावर जागा केली. "उभा काहून हायेस?"

मी बसलो. पुन्हा सांगितले. त्यांनी कानामागे हात धरला. "जोरानं बोल, बाप्पा. मास्तर झाला अन् आवाज घरी ठेवून आला काय?"

गिऱ्हाइके हसली. पुतण्याने तराजू खाली ठेवला. आयुष्यात मी कधी ओरडलो नव्हतो. मी त्यांचा पानांनी ओला झालेला हात धरला आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडलो, "देशमुखांचं छत तुमच्या कापडानं नाही बसलं, उकंडाजी! माझ्या कच्च्या कमानीनं बसलं! मी खोटं बोललो. मला माफ करा!"