फटाकडीच्या आवाजातली टिक

ऑफिसात तिला सगळे शंकासूर म्हणत, आणि तिला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. पक्षी वाचवणाऱ्या संस्थेत तिचं काम आकड्यांचं. कुणी सांगितलं की आज तळ्यावर तीनशे बदकं होती, की हिचा प्रश्न तयार, "मोजली, की नजरेनं?" हा स्वभाव घरातूनच आला होता. वडील वजनमापं खात्यात निरीक्षक होते, आणि निवृत्त झाल्यावरही आणलेली भाजी घरच्या काट्यावर पुन्हा घालत.

शहराबाहेरचं तळं बुजवून तिथं गोदामं बांधायचं घाटत होतं. ते अडवायचं तर तिथं फटाकडी असल्याचा पुरावा हवा होता. फटाकडी म्हणजे लव्हाळ्यात लपून राहणारा, कोंबडीच्या पिलाएवढा पक्षी. तो दिसत नाही, ऐकूच येतो. आधीचे दोन मोसम तिनं बांधावर उभं राहून स्पीकरवर फटाकडीचा आवाज वाजवला आणि उत्तराची वाट पाहिली. उत्तर आलं नाही. यंदा तिनं आवाज टिपणारी पेटीच खांबाला बांधून ठेवली, आणि काय आश्चर्य, रोज पहाटे फटाकडी ओरडू लागली.

साहेबांनी पेढ्यांचा बॉक्स तेवढा मागवायचा बाकी ठेवला. हिनं मात्र कॉम्प्युटरवर त्या आवाजांच्या चढउताराची चित्रं काढली आणि तिच्या कपाळावर आठी पडली. सगळी चित्रं छापल्यासारखी एकसारखी. जिवंत पक्षी इतक्या इमानदारीनं स्वतःची नक्कल करत नाही. शिवाय प्रत्येक हाकेच्या शेवटी बारीकशी 'टिक' होती, बटण दाबल्यासारखी.

कुणीतरी फोनवर वाजवत होतं.

पहाटे तळ्यावर रोज हमखास असे तो एकच माणूस, संस्थेचा राखणदार. त्याला सगळे मामा म्हणत. तळं गेलं तर मामांची नोकरीही जाणार होती. तिला सगळं लख्ख दिसलं. तरी ती पुढचे काही दिवस त्यांच्याशी नेहमीसारखंच बोलत राहिली, त्यांच्या थर्मासमधला चहा घेत राहिली, आणि बोलता बोलता त्यांचा खिसा न्याहाळत राहिली.

"मामा, नवीन फोन घेतलात वाटतं?"

"मुलीनं दिला. मला काय, उचलायचा आणि ठेवायचा, एवढंच जमतं."

एवढंच जमतं म्हणे! तिनं साहेबांना सांगितलं. साहेबांनी चौकशी होईपर्यंत मामांना ऑफिसच्या फाटकावर बसवलं. कारण काय, ते कुणी त्यांना धड सांगितलं नाही.

हाका थांबल्या नाहीत. दुसऱ्या कुणाचा संशय फिटला असता, हिचा आणखी पसरला. मामांचा धाकटा भाऊ तळ्यात मासे धरायचा. म्हणजे दोघं मिळून आहेत तर!

"मग पकड की जाऊन," घरी हे ऐकून वडील म्हणाले. "मी काट्याकडे कधी बघत बसलो नाही. दुकानदाराच्या हाताकडे बघायचो."

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू होताच ती बांधाआड जाऊन बसली. भाऊ आला, त्यानं होडीत जाळं टाकलं आणि गुडघाभर पाण्यातून होडी ढकलू लागला. दोन्ही हात होडीवर. तेवढ्यात हाक आली, आणि शेवटी टिक.

आवाज लव्हाळ्यातून नव्हताच. तिनं मान वर केली. पेटीच्याच खांबाच्या टोकावर काळा, दुभंगलेल्या शेपटीचा कोतवाल बसला होता. दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज उचलण्यात पटाईत. त्यानं चोच उघडली, पुन्हा फटाकडीची तंतोतंत तीच हाक दिली आणि शेवटी ती टिकसुद्धा इमानानं वाजवली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. दोन मोसम तिनंच वाजवलेल्या स्पीकरचं बटण असंच वाजायचं. कोतवालाला गाणं शिकवणारी गुरू तीच होती.

साहेबांना खरं सांगितल्यावर फटाकडीची नोंद रद्द झाली. ऑफिसात दिवसभर हशा पिकला, शंकासुराचा कोतवाल म्हणून. ती तडक फाटकावर गेली. मामा स्टुलावर बसले होते.

"मामा, माझं चुकलं. मी तुमच्यावर आळ घेतला."

मामांनी फाटकाच्या कडीशी चाळा केला. "आळाचं मी विसरेन, मॅडम. तुमचं कामच तपासायचं आहे. पण तुम्ही रोज माझा चहा पीत होता. तेव्हाही हेच होतं ना मनात?"

तिला खोटं बोलता आलं नाही. "हो," ती म्हणाली.

"मग विचारायचं होतं. मी फोन तुमच्या हातात दिला असता."

मामा तळ्यावर परत आले. गोदामांचा निर्णय पुढच्या मोसमापर्यंत लांबला, कारण तिनं लेखी कळवलं की स्पीकरशिवाय नुसतं ऐकून पुन्हा पाहणी व्हायला हवी. त्या पाहणीला तिनं मामांनाही सोबत बसायला विनवलं. ते आले, पण बांधाच्या पार दुसऱ्या टोकाला बसले. चहा त्यांनी एकट्यानंच घेतला. तिनंही हाक मारली नाही. दोघं आपापल्या जागी, लव्हाळ्याकडे कान लावून, ऊन चढेपर्यंत बसून राहिले.